ग्रंथिक सन्निपात आणि शरीरातील जागले

घरात कोणाचे अंग तापले की सर्वांचा जीव खालीवर होतो. जंतू शरीरात शिरले म्हणून ताप आला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ते जंतू काही निखारे नव्हेत, की ज्यांच्या स्पर्शाने अंग तापावे. ताप आणणारे आपले शरीरच होय. जंतूंची चाहूल लागताच शरीरातील रक्षक पेशी एकमेकींस निरोप धाडू लागतात, ते निरोप रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू शरीराची उष्णता वाढविण्याची आज्ञा देतो. हे निरोप म्हणजे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात निर्माण होणारी प्रथिने असून शास्त्रज्ञ त्यांस सायटोकाइन असे म्हणतात. मराठीत आपण त्यांस ‘संदेशद्रव्ये’ म्हणू.

जंतूंचा प्रवेश झाला असता ही संदेशद्रव्ये कशी निर्माण होतात, आणि काही धूर्त जंतू त्यांची निर्मिती कशी बंद पाडतात, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल आम्ही प्लेग हा रोग घेतला आहे. एक तर ह्या रोगाने आपल्या महाराष्ट्राचे जेवढे रक्त शोषिले तेवढे क्वचितच दुसऱ्या रोगाने शोषिले असेल. आणि दुसरे असे की, रक्षक पेशींचे तोंड बांधण्याची कला प्लेगच्या जंतूस जशी साधली आहे तशी फारच थोड्या जंतूंस साधली आहे.

शरीरातील पहारा

पूर्वी खेडोपाडी रात्री जागल्या फिरत असे. चोर दिसताच तो हाक मारी. त्या हाकेसरशी पाटील जागा होई, तरुण मंडळी काठ्या घेऊन धावत आणि वेशीचा दरवाजा बंद होई. एकटा जागल्या चोरांच्या टोळीस पुरा पडत नसे. त्याचे खरे बळ त्याच्या हाकेत असे. आपल्या शरीरातही कातडीखाली, फुप्फुसांत, यकृतात व लसिका ग्रंथींत असेच जागले नेमलेले आहेत. त्यांस महाभक्षी पेशी असे नाव आहे. त्या जंतूंस गिळतात, म्हणून हे नाव पडले. परंतु गिळण्याइतकेच हाक मारणे हेही त्यांचे मुख्य कर्तव्य आहे.

आता ह्या पेशींस चोर ओळखू येतो कसा? पुष्कळ जातींच्या जंतूंच्या बाह्य आवरणात साखर व मेद यांच्या संयोगाने बनलेला एक पदार्थ असतो. असा पदार्थ मनुष्याच्या कोणत्याही पेशीत नसतो. म्हणून तो आढळला की परका आत शिरला असे निश्चित समजावे. महाभक्षी पेशीच्या पृष्ठभागावर हा पदार्थ ओळखणारा एक ग्राहक असतो. त्याचे नाव टोल-सदृश ग्राहक क्रमांक ४. हा ग्राहक कोणता, ह्याचा उलगडा १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवरील संशोधनातून झाला, आणि २०११ साली त्यांस ज्यूल्स हॉफमान व राल्फ स्टाइनमन यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राहकास जंतूचा मेद चिकटला की पेशीच्या आत एकामागून एक अशा अनेक रासायनिक क्रिया घडतात. एक प्रथिन दुसऱ्यास फॉस्फेटचा कण जोडते, दुसरे तिसऱ्यास, आणि अशा रीतीने बातमी आत आत जाते. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन एरवी जखडून ठेविलेले असते. बातमी पोहोचताच त्याची बेडी तुटते, ते पेशीकेंद्रात शिरते आणि तेथील जनुकांस संदेशद्रव्ये तयार करण्याची आज्ञा देते. हे सर्व किती त्वरेने घडते ते पाहा. जंतूंच्या आवरणातील हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात निरोगी स्वयंसेवकांस टोचला असता तास-दीड तासात त्यांच्या रक्तातील पहिल्या संदेशद्रव्याचे प्रमाण शिगेस पोहोचते. त्यांस हुडहुडी भरते, डोके दुखते व ताप चढतो. एकही जिवंत जंतू शरीरात नसता हा ताप येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या निरोपांत प्रत्येकाचे काम निराळे आहे. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे पहिल्या हाकेचे निरोप. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात व त्यांच्या भिंती सैल होतात. म्हणूनच जखमेभोवती लाली, सूज व उष्णता दिसते. इंटरल्यूकिन-८ हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींस नेमक्या स्थळी बोलावून आणते. इंटरल्यूकिन-६ यकृतास जागे करते, आणि टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ यांच्यासह मेंदूतील तापमान राखणाऱ्या केंद्रावर परिणाम करून ताप आणते. इंटरल्यूकिन-१२ मुळे दुसऱ्या रक्षक पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडतात आणि त्याच्या योगे महाभक्षी पेशींचे जंतू मारण्याचे सामर्थ्य पुष्कळ वाढते. शेवटी इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य ‘आता पुरे’ असा निरोप देते. चोर पळाल्यावरही काठ्या चालूच राहिल्या तर घरच्याच माणसांची डोकी फुटावयाची. ते होऊ नये म्हणून ही योजना आहे.

महाराष्ट्रावरील घाला

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांस काही रोग्यांच्या अंगी कडक ताप व जांघेत गाठ अशी लक्षणे आढळली. हा प्लेग होय, असे त्यांनी निर्भयपणे जाहीर केले. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांनी ह्या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले. पुढे तो पुण्यात शिरला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांस त्याची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात ह्या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे बळी घेतली. उंदीर पडू लागले की गाव ओस पडावयाचे. लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या घालून राहावयाचे. त्या काळी आमचे केदारखेडे निजामाच्या राज्यात होते, आणि पूर्णेच्या काठच्या ह्या मुलखाप्रमाणेच देशावरील अगणित खेड्यांनी त्या रोगाच्या भीतीचे दिवस काढले.

ह्या रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येरसिन यांनी शोधून काढिला. म्हणून त्यास येरसिनिया पेस्टिस असे म्हणतात. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारे पसरतो, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखविले. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम करून तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांस ताप आला व टोचल्या जागी वेदना झाल्या. लशीतील जंतू उष्णतेने मारलेले होते. मग ताप कशाचा? आज आपणांस ह्याचे उत्तर देता येते. मेलेल्या जंतूंची आवरणे पाहून हाफकिन यांच्या शरीरातील जागल्यांनी हाक मारिली होती. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ सालापासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

चोराने जागल्याचे तोंड बांधले

मेलेल्या जंतूंनी जर ताप येतो, तर जिवंत जंतू शिरताच शरीराने त्याहून मोठा गदारोळ करावयास हवा. परंतु येथेच प्लेगच्या जंतूची खरी धूर्तता दिसून येते. तो आरंभी गदारोळ होऊच देत नाही. ह्यासाठी त्याच्यापाशी मुख्यतः दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती वेषांतराची. पिसवेच्या पोटात असताना ह्या जंतूभोवती सुमारे २६ अंश सेल्सियस इतकी उष्णता असते. त्या वेळी त्याच्या आवरणातील मेदास सहा शेपट्या असतात, आणि सहा शेपट्यांचा मेद आपल्या ग्राहकास उत्तम ओळखू येतो. मनुष्याच्या अंगात शिरून ३७ अंशांची ऊब लागली की जंतू नवीन मेद बहुतांशी चारच शेपट्यांचा बनवू लागतो. हा मेद मनुष्याच्या पेशींस नीट ओळखताच येत नाही. ह्या वेषांतराचे महत्त्व किती, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने सिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका जंतूचे जनुक प्लेगच्या जंतूत घालून त्यास ३७ अंशांवरही सहा शेपट्यांचा मेद बनविण्यास भाग पाडले. असा जंतू टोचला असता उंदीर मेले नाहीत; त्यांच्या शरीराने त्यास वेळीच ओळखून त्याचा निकाल लाविला. बाकीची सर्व शस्त्रे हाती असूनही केवळ वेष उघडा पडल्यामुळे हा भयंकर जंतू दुबळा ठरला.

दुसरी युक्ती ह्याहून क्रूर आहे. ह्या जंतूच्या अंगावर सुईसारख्या पोकळ नळ्या असतात. महाभक्षी पेशीस चिकटताच तो त्या नळ्यांवाटे आपली काही प्रथिने सरळ तिच्या आत सोडतो. त्यांतील काहींच्या योगाने पेशीची गिळण्याची शक्तीच लुळी पडते. योप-जे नावाचे प्रथिन मात्र निराळेच काम करते. बातमी आत पोहोचविण्यासाठी एका प्रथिनाने दुसऱ्यास फॉस्फेटचा कण जोडावा लागतो, असे वर सांगितले आहे. तो कण जेथे जोडला जावयाचा, नेमक्या त्याच जागी योप-जे हे ॲसिटिल नावाचा दुसराच कण चिकटवून टाकते. कुलपात आधीच खडा कोंबून ठेविला तर किल्ली फिरणार कशी? फॉस्फेटला जागा मिळत नाही, एनएफ-कप्पा-बी ची बेडी तुटत नाही आणि टीएनएफसारखे निरोप बाहेर पडत नाहीत. जागल्या जिवंत आहे, त्यास चोर दिसतोही आहे. पण त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला आहे.

ह्याचा परिणाम काय होतो? फुप्फुसाच्या प्लेगवर उंदरांत प्रयोग केले असता असे दिसले की, पहिले सुमारे दीड दिवस फुप्फुसांत जंतू झपाट्याने वाढत असतात, तरी सूज नाही आणि संदेशद्रव्यांची वाढही नाही. त्यानंतर एकाएकी सर्व बांध फुटतात. जंतूंची संख्या अफाट होते, पांढऱ्या पेशींच्या झुंडी धावतात, संदेशद्रव्यांचा पूर येतो, आणि ज्या निरोपांनी आरंभी प्राण वाचविले असते तेच आता प्राणांवर उठतात. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब उतरतो, अवयव बंद पडतात. आरंभीचे मौन आणि शेवटचा कल्लोळ, ही दोन्ही घातकच. योग्य वेळी मारलेली योग्य मापाची हाक हीच काय ती तारक होय.

शरीराची उलट खेळी

तथापि आपले शरीर अगदीच हतबल आहे असे वाचकांनी समजू नये. कित्येक वेळा असे घडते की, योप-जे ने आतील बातमीची वाट तोडली आहे हे ओळखून पेशी स्वतःच फुटून मरते आणि मरता मरता इंटरल्यूकिन-१ बाहेर टाकते. तोंड बांधलेल्या जागल्याने स्वतःच्या झोपडीस आग लावून गावास जागे करावे, तसाच हा प्रकार होय. त्याचप्रमाणे पायरिन नावाचे एक प्रथिन पेशीत पहारा देत असते. जंतूने पेशीची गिळण्याची यंत्रणा बिघडविली की पायरिन जागे होऊन इंटरल्यूकिन-१ सोडण्याची व्यवस्था करते. जंतूनेही ह्यावर तोड काढिली आहे. योप-एम नावाचे प्रथिन पायरिनला गप्प करते.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील लोकांत वारंवार ताप येण्याचा एक आनुवंशिक विकार आढळतो. त्यांच्या पायरिनमध्ये थोडा फरक असतो. अशा लोकांच्या रक्तातील पेशी प्लेगच्या जंतूंपुढे ठेविल्या असता त्या इतरांपेक्षा अधिक इंटरल्यूकिन-१ सोडतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. प्राचीन काळच्या प्लेगच्या साथींत ह्या फरकाने काहींचे प्राण वाचविले असावेत व म्हणून तो तेथे टिकून राहिला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. एका काळचे वरदान दुसऱ्या काळी उपद्रव कसे होते, ह्याचा हा मासला होय.

सर्व जंतू प्लेगसारखेच वागतात असेही नाही. विषमज्वराचा जंतू अंगावर साखरेसारख्या द्रव्याची शाल पांघरून आपला मेद झाकून घेतो. क्षयाचा जंतू महाभक्षी पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करितो. शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते, आणि ती तटबंदी टिकून राहण्यास टीएनएफ आवश्यक असते. संधिवातासारख्या विकारांत टीएनएफ थोपविणारी औषधे देण्यास आरंभ झाला, तेव्हा काही रोग्यांत अनेक वर्षे सुप्त राहिलेला क्षय उफाळून आला, असे २००१ साली निदर्शनास आले. ह्याच कारणास्तव अशी औषधे देण्यापूर्वी आता क्षयाची तपासणी करितात.

ह्यातून आपण काय शिकावे

प्लेग ही केवळ आजोबा-पणजोबांच्या काळची गोष्ट आहे, असे मानून चालणार नाही. १९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भीषण भूकंप झाला होता. धक्क्यांच्या भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरांत साठविलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि लोक परतल्यावर रोगास वाट मिळाली, असे त्याचे कारण सांगितले जाते. त्यानंतर सप्टेंबरात सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठून हजारो लोकांनी शहर सोडले. केदारखेड्यासारख्या शेतीप्रधान गावात ज्वारी, मका व कापूस घरोघर साठविलेले असतात. तेव्हा ही गोष्ट आपल्या दारापासून फार दूरची नव्हे.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी विद्यार्थिमित्रांनी मनात ठेवाव्यात. धान्याच्या कोठ्या जमिनीपासून उंच व नीट झाकलेल्या असाव्यात. गावात विनाकारण उंदीर पडू लागले तर ते हातांनी न उचलता आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. अशा वेळी आधी पिसवांचा नाश करावा व मग उंदरांचा; कारण उंदीर मेला की उपाशी पिसू मनुष्याकडे वळते. ताप व त्याबरोबर जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली तर एक दिवसही दवडू नये. गाठीच्या प्लेगवर उपचार न झाल्यास शंभरांपैकी ३० ते ६० रोगी दगावतात आणि फुप्फुसाच्या प्लेगात तर बहुधा कोणीच वाचत नाही. परंतु स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन यांसारखी औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. आरंभीचे ते मौनाचे तास जंतूचे असतात; ते जितके कमी करू तितके रोग्याचे आयुष्य वाढेल.

दुसरी सूचना ह्याहूनही नित्याच्या उपयोगाची आहे. खेडोपाडी कोणत्याही तापावर ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून स्टेरॉइडची सुई टोचून घेण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे. ह्या औषधाने संदेशद्रव्यांची निर्मिती दबते. ताप उतरतो, अंग हलके होते आणि रोगी समाधानाने घरी जातो. परंतु जंतू जेथल्या तेथे असतात, किंबहुना निर्धास्तपणे वाढतात. प्लेगचा जंतू जे काम योप-जे कडून करवितो, तेच काम आपण पैसे देऊन सुईकडून करवून घेतो, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. हे औषध वाईट आहे असा आमचा मुळीच आशय नाही. क्षयाच्या जंतूने मेंदूच्या आवरणास सूज आली असता जंतुनाशक औषधांच्या जोडीने तेच स्टेरॉइड प्राण वाचविते. मात्र ते केव्हा, किती व कशाबरोबर द्यावे, हे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

कोणी म्हणेल, शेवटच्या कल्लोळात तरी निरोप सर्वस्वी बंद करावेत. शास्त्रज्ञांसही तसेच वाटले होते. रक्तात जंतुविष भिनलेल्या रोग्यांस टीएनएफ थोपविणारी औषधे देऊन १९९० नंतरच्या दशकात मोठमोठे प्रयोग झाले. परंतु त्यांपासून अपेक्षिलेले यश पदरी पडले नाही. एकच निरोप अडवून पूर ओसरत नाही, आणि सगळेच अडविले तर शरीर उघडे पडते. रोग्यागणिक व वेळेगणिक कोणता निरोप आवरावा व कोणता राहू द्यावा, ह्याचा शोध आजही चालू आहे.

तो शोध पुढे नेणारे कोणी कदाचित ह्याच शाळेच्या बाकांवर बसलेले असतील. हाफकिन यांजपाशीही आरंभी भव्य प्रयोगशाळा नव्हती. होती ती एक लहानशी जागा, मोजकी उपकरणे आणि प्रश्नाचा पिच्छा न सोडणारी वृत्ती. ती वृत्ती आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनी अंगी बाणवावी, आणि पुढल्या खेपेस घरात कोणास ताप आला तर घाबरून न जाता, तसेच त्यास निष्काळजीपणे दडपून न टाकता, शरीराचा जागल्या कोणत्या चोराकडे बोट दाखवीत आहे हे जाणत्या डॉक्टरांकडून वेळीच पाहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.